राज्यशास्त्राचा पेपर: पाठांतरापेक्षा अधिकारांचा हिशेब

कर्नाटकात पदवीपूर्व द्वितीय वर्षाला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सेकंड पीयूसीला, राज्यशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांची एक समजूत पक्की असते. हा पाठांतराचा विषय आहे, राष्ट्रपतींचे, राज्यपालांचे आणि संसदेचे अधिकार यांच्या याद्या घोकल्या की पेपर सुटतो, असे त्यांना वाटते. याद्या घोकून उत्तीर्ण होता येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पाठ केलेल्या याद्या काही आठवड्यांनी एकमेकींसारख्या दिसू लागतात, राष्ट्रपतींचा एखादा अधिकार राज्यपालांच्या उत्तरात शिरतो, आणि ‘का’ किंवा ‘कसे’ अशा शब्दाने प्रश्न संपला की लिहिता हात थांबतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील मराठी विद्यार्थ्यापुढे याशिवाय आणखी दोन अडचणी असतात. दहावीपर्यंत समाजविज्ञान मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढे बहुतेक ठिकाणी तोच विषय कन्नड किंवा इंग्रजीतून शिकावा लागतो. दुसरी अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या विद्यार्थ्याच्या घरात दूरचित्रवाणीवर मराठी बातम्या चालतात, त्यामुळे त्याच्या डोक्यातले सरकार म्हणजे मुंबईचे मंत्रालय आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन, तर पेपर तपासणाऱ्याला अपेक्षित असते ते बंगळूरचे विधानसौध आणि बेळगावचे सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या दोन इमारती. म्हणून विधानसभेची सदस्यसंख्या विचारली की २८८ हा आकडा पटकन लिहिला जातो. कर्नाटकाचे उत्तर २२४ आहे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत, कर्नाटकाच्या ७५. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार, कर्नाटकाचे २८. तयारीच्या पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर असे दोन रकाने आखून दोन्ही राज्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. ज्याला दोन्ही आकडे ठाऊक आहेत त्याची गफलत होत नाही, एकच अर्धवट ठाऊक असणाऱ्याची होते.

चार प्रश्नांची पद्धत

राज्यशास्त्र हा मुळात अधिकारांचा हिशेब आहे. कोणतीही संस्था अभ्यासाला घेतली की तिला चार प्रश्न विचारावेत. तिला अधिकार कोठून मिळाला, म्हणजे घटनेच्या कोणत्या कलमाने किंवा कोणत्या कायद्याने? तिच्यात कोण बसतो आणि त्याला तेथे कोण बसवतो? ती काय करू शकते? आणि तिला अडवू शकेल असे कोण आहे? पाठ्यपुस्तके तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भरभरून देतात, विद्यार्थीही तेवढेच पाठ करतात. खरे गुण चौथ्या प्रश्नात असतात, कारण लोकशाही शासनाचे वेगळेपण अधिकार देण्यात जितके आहे त्याहून अधिक ते अधिकारांना आवर घालण्यात आहे.

विधान परिषदेवर ही पद्धत चालवून पाहू. अधिकार कोठून, तर कलम १६९ आणि १७१ मधून. विधान परिषद असावी की नसावी हे प्रत्येक राज्याच्या विधानसभेच्या विशेष बहुमताच्या ठरावावर आणि त्यानंतर संसदेने केलेल्या कायद्यावर अवलंबून असते, म्हणूनच काही राज्यांत ती आहे आणि बहुतेक राज्यांत नाही. तिच्यात कोण बसतो, याचे कर्नाटकातील उत्तर असे आहे की ७५ पैकी २५ सदस्य आमदार निवडतात, २५ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात, ७ पदवीधर निवडतात, ७ शिक्षक निवडतात आणि ११ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट या जिल्ह्यांसाठी वायव्य पदवीधर आणि वायव्य शिक्षक असे दोन मतदारसंघ आहेत. घरात कोणी पदवीधर मतदार असेल तर त्याला मतपत्रिकेवर शिक्का न मारता पसंतीचे १, २, ३ असे क्रमांक का लिहावे लागतात, हे विचारावे. एकल संक्रमणीय मतदान पद्धतीचा धडा तेवढ्यात उलगडतो.

येथे एक आडवळण घेण्यासारखे आहे. परिषदेची सदस्यसंख्या विधानसभेच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक असू नये असे घटना सांगते, आणि २२४ चा एक तृतीयांश ७४ पेक्षा थोडा अधिक भरतो, ७५ भरत नाही. मग ७५ कसे? निवडून आलेल्या २२४ सदस्यांबरोबर पूर्वी एका अँग्लो-इंडियन सदस्याची नेमणूक होत असे, त्यामुळे एकूण २२५ आणि त्याचा तिसरा भाग बरोबर ७५. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून ती नेमणुकीची तरतूद पुढे चालू राहिली नाही. असा प्रश्न पेपरात येणार नाही. पण आकड्यामागचे कारण एकदा कळले की तो आकडा पुन्हा पाठ करावा लागत नाही.

तिसरा आणि चौथा प्रश्न येथे एकत्रच सुटतात. विधान परिषद अर्थविधेयक फार तर १४ दिवस रोखू शकते. साधे विधेयक पहिल्या फेरीत तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना, एवढीच तिची ताकद आहे. त्यानंतर विधानसभेचाच शब्द अखेरचा. संसदेत दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नाही तर कलम १०८ नुसार संयुक्त बैठक बोलावता येते. राज्यात तशी सोय घटनेने ठेवलेलीच नाही. राज्यसभा आणि विधान परिषद यांची तुलना विचारली असता हा एक मुद्दा लिहिणारा विद्यार्थी उठून दिसतो.

बेळगावात भरणाऱ्या अधिवेशनाबद्दलही हेच करावे. सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले, ही सामान्य ज्ञानातील माहिती झाली. राज्यशास्त्रातील माहिती कलम १७४ मध्ये आहे: राज्यपाल आपल्याला योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी सभागृह बोलावतात, आणि दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर असता कामा नये. घटनेने ठिकाण राजधानीशी बांधून ठेवलेले नाही, म्हणून अधिवेशन बेळगावात भरू शकते. राज्यपाल हे सर्व मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात, ही जोड उत्तरात विसरू नये.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रकरणात मराठी वर्तमानपत्रे वाचणाऱ्या विद्यार्थ्याने विशेष सावध असावे. पंचायतींविषयीची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि नगरपालिकांविषयीची ७४ वी १ जून १९९३ पासून साऱ्या देशात लागू झाली, परंतु त्यांच्याखाली प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी रचना आहे. कर्नाटकाच्या १९९३ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायत, तालुका पंचायत आणि जिल्हा पंचायत अशी आहे. तिकडे सरपंच, इकडे ग्रामपंचायतीचा अध्यक्ष. तिकडचा ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी) ओळखीचा असला तरी आपल्या गावात कामकाज पाहतो तो पंचायत विकास अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला पीडीओ. महाराष्ट्रात महापौराची मुदत अडीच वर्षांची आहे, तर ५८ प्रभागांच्या बेळगाव महानगरपालिकेत महापौर एका वर्षासाठी निवडला जातो.

एकाच तालुक्यातील दोन वाद

केंद्र आणि राज्ये यांच्या संबंधांवर दीर्घोत्तरी प्रश्न हमखास येतो आणि विद्यार्थी त्याला सर्वाधिक घाबरतात. सीमाभागातील विद्यार्थ्याने मात्र घाबरण्याचे कारण नाही, कारण राज्याराज्यांतील वाद कोठे आणि कसा सोडवला जातो याची दोन निरनिराळी उदाहरणे एकट्या खानापूर तालुक्यात सापडतात.

पहिला वाद सीमेचा. १९५३ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे अन्य दोन सदस्य होते, १९५५ साली अहवाल आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने अस्तित्वात आली. तोपर्यंत मुंबई राज्यात असलेला बेळगावचा बहुतांश भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. वाद मिटला नाही म्हणून १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ साली आला. महाराष्ट्राने तो नाकारला आणि कर्नाटकाने त्याची अंमलबजावणी मागितली. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. येथे प्रश्न येतो की एक राज्य दुसऱ्या राज्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात कसे जाऊ शकते. उत्तर कलम १३१ आहे: केंद्र आणि राज्य यांच्यातील किंवा दोन राज्यांतील कायदेशीर हक्कांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयातच सुरू होतो, खालच्या न्यायालयातून वर येत नाही. यालाच मूळ अधिकारक्षेत्र म्हणतात.

आता दुसरी बाजू. कर्नाटकाचे म्हणणे असे आहे की राज्यांच्या सीमा बदलणे हा कलम ३ नुसार केवळ संसदेचा अधिकार आहे. कलम ३ वाचले तर दिसते की सीमा बदलण्यासाठी संसदेत साधे बहुमत पुरते, विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडावे लागते, आणि ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागवण्यासाठी पाठवावे लागते. ते मत मात्र संसदेवर बंधनकारक नाही. असा कायदा कलम ४ प्रमाणे कलम ३६८ खालची घटनादुरुस्तीही मानला जात नाही. भारतीय संघराज्याला अनेक अभ्यासक केंद्राकडे झुकलेले का म्हणतात, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

दुसरा वाद पाण्याचा. म्हादई नदीचा उगम खानापूर तालुक्यातला, कळसा आणि भांडुरा हे नालेही तेथलेच, आणि ते पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात वर्षानुवर्षे तंटा आहे. हा वाद दोन राज्यांतलाच असूनही कलम १३१ च्या वाटेने गेला नाही. कलम २६२ ने आंतरराज्य नद्यांच्या पाणीवाटपाचे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा अधिकार संसदेला दिला, संसदेने १९५६ साली त्यासाठी कायदा केला आणि त्या कायद्याखाली लवाद नेमला जातो. म्हादईचा लवाद २०१० साली नेमला गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. लवादाच्या निवाड्यानंतरही राज्ये विशेष परवानगी घेऊन सर्वोच्च न्यायालयात जातात हे खरे, तरी तंट्याची सुरुवात लवादापुढे होते, न्यायालयात नव्हे.

एकच तालुका, दोन शेजारी राज्ये, दोन वाद, आणि घटनेने आखून दिलेल्या दोन वेगळ्या वाटा. हे नीट समजलेल्या विद्यार्थ्याला कलम ३, १३१ आणि २६२ ही तीन कलमे घोकावी लागत नाहीत. एक सूचना तेवढी करावीशी वाटते. सीमाप्रश्नावर आपल्या प्रत्येकाच्या घरात ठाम मत असते आणि ते असण्यात गैर काही नाही. परंतु उत्तरपत्रिकेत गुण मिळतात ते दोन्ही राज्यांची भूमिका आणि तिच्यामागचे कलम नेमके मांडल्याबद्दल. जो विद्यार्थी समोरच्या बाजूचा युक्तिवाद तिच्या वकिलाइतका चांगला मांडू शकतो, त्याला विषय कळला आहे असे परीक्षक समजतो.

भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांबाबतही असाच एक बारकावा आहे. कलम २९ आणि ३० ही मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागात येतात, म्हणजे त्यांचा भंग झाल्यास कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याविषयीचे कलम ३५०-अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याचे कलम ३५०-ब ही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आली. ती सतराव्या भागात आहेत, मूलभूत हक्कांत नाहीत. ही चारही कलमे विद्यार्थी एकाच दमात ‘अल्पसंख्याकांचे मूलभूत हक्क’ म्हणून लिहितात आणि तेथे गुण जातात. अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले. त्यामुळे बेळगावातील मराठी भाषक जसा कर्नाटकात अल्पसंख्याक, तसाच जत किंवा अक्कलकोटचा कन्नड भाषक महाराष्ट्रात.

पक्षांतर, बहुमत आणि राज्यपाल

पक्षांतरबंदी कायद्याचा धडा बेळगाव जिल्ह्याने अगदी जवळून पाहिला आहे. ५२ व्या घटनादुरुस्तीने १९८५ साली दहावे परिशिष्ट जोडले गेले. त्यानुसार आमदार किंवा खासदार दोन कारणांनी अपात्र ठरतो: स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडल्यास, किंवा पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडून मतदान केल्यास अथवा गैरहजर राहिल्यास. पूर्वी एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढून टाकले आणि केवळ दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाचा अपवाद ठेवला. याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाची कमाल मर्यादा सभागृहाच्या १५ टक्के केली, म्हणून कर्नाटकात मुख्यमंत्र्यांसह ३४ पेक्षा अधिक मंत्री असू शकत नाहीत.

जुलै २०१९ मध्ये काँग्रेस आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) यांच्या आघाडी सरकारमधील आमदारांनी राजीनामे देण्यास सुरुवात केली. २३ जुलैला विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने ९९ आणि विरोधात १०५ मते पडली आणि सरकार गेले. त्यानंतर विधानसभा अध्यक्षांनी एकूण १७ आमदारांना अपात्र ठरवले. त्यांत गोकाक, अथणी आणि कागवाड या आपल्या जिल्ह्यातील तीन मतदारसंघांचे आमदार होते. आता हिशेब पाहा. २२४ मधून १७ वजा केले तर २०७ उरतात आणि त्यांचे बहुमत १०४ होते, म्हणजे १०५ आमदार असलेला पक्ष पूर्ण सभागृहात अल्पमतात असला तरी आक्रसलेल्या सभागृहात बहुमतात येतो. अपात्रतेचा परिणाम व्यक्तीपुरता राहत नाही, तो सरकार कोणाचे हे ठरवतो, ही गोष्ट या वजाबाकीशिवाय समजत नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, राजीनामा दिल्याने आधीचे पक्षांतर पुसले जात नाही असे सांगितले, परंतु विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यास अध्यक्षांनी घातलेली बंदी रद्द केली. ५ डिसेंबरला पोटनिवडणुका झाल्या आणि वरील तिन्ही मतदारसंघांतून तेच उमेदवार, या वेळी भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर, निवडून आले. कायद्याचे हे यश म्हणावे की अपयश? माझ्या मते ‘पक्षांतरबंदी कायद्याचे मूल्यमापन करा’ या प्रश्नाचे उत्तर याच निकालाच्या दोन भागांवर उभे करावे: शिक्षा झाली, पण ती शिक्षा महिन्याभरात मतदारांनी पुसून टाकली. अध्यक्ष हा स्वतः कोणत्यातरी पक्षातून आलेला असतो, त्याने निर्णय किती दिवसांत द्यावा याचे बंधन परिशिष्टात नाही, आणि त्याचा निर्णय न्यायालयात तपासता येतो असे १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात ठरले, हे तीन मुद्दे त्यापुढे जोडले की उत्तर भरीव होते.

राष्ट्रपती राजवटीसाठीही दूर जावे लागत नाही. एप्रिल १९८९ मध्ये मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचे सरकार, बहुमत गमावल्याच्या राज्यपालांच्या अहवालावरून, कलम ३५६ खाली बरखास्त करण्यात आले. सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची संधी त्यांनी मागूनही मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ११ मार्च १९९४ रोजी दिलेल्या निकालाने पुढचे चित्र बदलले. बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, सभागृहात ठरेल. राष्ट्रपतींची घोषणा न्यायालय तपासू शकेल. आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही. हा निकाल बोम्मई यांना त्यांची खुर्ची परत देऊ शकला नाही, कारण तोवर मधली निवडणूकही होऊन गेली होती. परंतु मे २०१८ मध्ये राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास दिलेली १५ दिवसांची मुदत सर्वोच्च न्यायालयाने दोन दिवसांवर आणली आणि मुख्यमंत्र्यांना मतदानापूर्वीच राजीनामा द्यावा लागला, ती याच निकालाची पुढची पायरी होती. १९८९, १९९४ आणि २०१८ ही तीन वर्षे एका ओळीत लिहिली की दहा गुणांच्या उत्तराचा सांगाडा तयार होतो.

निवडणुकीच्या प्रकरणाला मी थोडक्यात आटोपतो, कारण ते विद्यार्थ्यांना सर्वाधिक समजते. आपल्याकडे ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत. समजा एका मतदारसंघात एक लाख मते पडली आणि चार उमेदवारांना ३४, ३०, २२ आणि १४ हजार मिळाली, तर ६६ हजार मते विरोधात असूनही पहिला निवडून येतो. मते फुटली की काय होते, याची चर्चा खानापूर आणि बेळगावात प्रत्येक निवडणुकीला ऐकू येते. उमेदवारांच्या संख्येचेही एक स्थानिक उदाहरण आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधणे हा त्यामागचा हेतू होता, आणि त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल होऊन लोकसभेसाठीची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली. आज ती सर्वसाधारण उमेदवाराला २५,००० रुपये आहे. जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एकच नसतात हेही येथे लक्षात घ्यावे: बेळगाव जिल्ह्यातील १८ विधानसभा मतदारसंघांपैकी आठ बेळगाव लोकसभेत, आठ चिक्कोडीत, तर खानापूर आणि कित्तूर हे दोन उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतात.

उत्तरपत्रिका

पेपरात साधारणपणे एक, दोन, पाच आणि दहा गुणांचे प्रश्न असतात. त्या वर्षीची नेमकी विभागणी कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यनिर्णय मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिकेत पाहून घ्यावी आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्यानंतरच सोडवाव्यात. दोन गुणांच्या प्रश्नाला व्याख्या आणि एक कलम किंवा एक उदाहरण पुरते, तेथे पानभर लिहिणारा विद्यार्थी दहा गुणांचा वेळ खर्च करत असतो. पाच गुणांच्या उत्तरात वरील चार प्रश्नांपैकी ज्याविषयी विचारले आहे तेवढेच लिहावे. दहा गुणांच्या उत्तरात चारही प्रश्न यावेत आणि निदान एक खरी घटना वर्षासह यावी. कलमाच्या क्रमांकाची खात्री नसेल तर क्रमांक न लिहिता तरतूद लिहावी; चुकीचा क्रमांक लिहिल्याने बरोबर तरतुदीवरचा परीक्षकाचा विश्वासही उडतो.

माध्यम बदललेल्या विद्यार्थ्याने संज्ञांची एक वेगळी वही ठेवावी. मूलभूत, मतदार, राज्यपाल, पक्षांतर असे पुष्कळ शब्द मराठी आणि कन्नडमध्ये सारखेच असल्याने वाटते तेवढे काम नसते. जेथे फरक आहे तेवढेच लिहावे: कायदेमंडळ म्हणजे शासकांग, कार्यकारी मंडळ म्हणजे कार्यांग, न्यायमंडळ म्हणजे न्यायांग, निवडणूक म्हणजे चुनावणे, घटनादुरुस्तीतील दुरुस्ती म्हणजे तिद्दुपडी, संघराज्याला ओक्कूट. इंग्रजीतून लिहिणाऱ्याने तिसरा रकाना इंग्रजीचा ठेवावा. विचार मराठीत करावा, मुद्दे कच्च्या कागदावर मराठीत काढावेत आणि मगच परीक्षेच्या भाषेत लिहावेत. पाठ केलेले परके वाक्य मध्येच विसरले की पुढचे सारे अडते, समजलेला मुद्दा मात्र साध्या आणि थोड्या अशुद्ध वाक्यातही उतरतो.

शेवटच्या आठवड्यात नवे प्रकरण उघडू नये, परंतु बदलणाऱ्या गोष्टी एकदा तपासून घ्याव्यात: सध्याचे राज्यपाल, मुख्यमंत्री, सरन्यायाधीश, मुख्य निवडणूक आयुक्त, आणि अलीकडच्या घटनादुरुस्त्या. १०१ वी वस्तू आणि सेवा कराची, १०३ वी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाची, १०६ वी लोकसभा आणि विधानसभांतील महिलांच्या एक तृतीयांश आरक्षणाची. ही शेवटची दुरुस्ती २०२३ साली संमत झाली, मात्र जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावरच ते आरक्षण लागू करण्याची अट त्या दुरुस्तीतच घातलेली आहे. म्हणून उत्तरात ‘महिलांना आरक्षण मिळाले’ असे न लिहिता ‘आरक्षणाची तरतूद झाली’ असे लिहावे आणि त्या अटीचे एक वाक्य पुढे जोडावे.